एफआरपी, काँक्रीट आणि स्टील: दुहेरी नळीचा कॉलम लॅबमध्ये कसा बनवावा, कसा दाबावा आणि निकाल कसा वाचावा

एफआरपीचं (इपॉक्सी या चिकट रसायनात कार्बनचे किंवा काचेचे तंतू बसवून केलेल्या साहित्याचं) वेष्टन दिल्यावर कॉलम किती जास्त भार घेईल, याचं उत्तर बरेच जण कार्बन कापडाच्या कॅटलॉगात शोधतात. कापडाची ताणशक्ती वाचायची, ती सूत्रात घालायची, काँक्रीटच्या आणि स्टीलच्या ताकदीत मिळवायची आणि बेरीज करून मोकळं व्हायचं. अशी बेरीज जवळजवळ नेहमी चुकते. ताकद ठरते ती वेष्टनात घेराच्या दिशेने प्रत्यक्षात किती स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात होणारा बदल) येतो आणि तिन्ही साहित्यं एकाच वेळी भार घ्यायला लागतात का, या दोन गोष्टींवर. दोन्ही मोजता येतात आणि त्यासाठी फार महागडी लॅब लागत नाही. नागपुरातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाचा किंवा एम.टेक.चा प्रकल्प म्हणून हे काम हाती घेणाऱ्यांसाठी, आणि एफआरपी रॅपिंगची कामं तपासणाऱ्या तरुण अभियंत्यांसाठी, ही पद्धत क्रमाने लिहितो आहे.

नमुना म्हणून मी दुहेरी नळीचा कॉलम घेतला आहे. बाहेर एफआरपीची नळी, आत स्टीलची नळी, दोघांच्या मधल्या वर्तुळाकार जागेत काँक्रीट, आणि गाभा पोकळ. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठात जे. जी. टेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला ही रचना मांडली. तिन्ही साहित्यांचं वागणं यात वेगवेगळं पाहता येतं, म्हणून शिकण्यासाठी हा नमुना फार चांगला.

आधी वागणं समजून घ्या

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. ती थंड होताना आकसते आणि चाकावर वजन येण्याआधीच त्याला आवळून धरते. एफआरपीचं वेष्टन तसं वागत नाही. ते कॉलमवर नुसतं बसलेलं असतं. भार वाढतो, काँक्रीट उभं आखूड होतं, आडवं फुगतं, आणि हे फुगणं वेष्टनाला ताणतं तेव्हाच वेष्टन उलट दाब देतं. सुरुवातीला काँक्रीटचा पॉयसन गुणांक (उभ्या आखूड होण्याच्या प्रमाणात आडवं फुगणं) ०.२ च्या आसपास असतो, त्यामुळे फुगणं नगण्य असतं आणि वेष्टन जवळजवळ बेकार बसून राहतं. काँक्रीटच्या स्वतःच्या ताकदीच्या साधारण ७० टक्क्यांपुढे आत बारीक तडे वाढू लागतात, फुगण्याचा वेग वाढतो आणि वेष्टन कामाला लागतं.

स्टीलच्या रिंगा आणि एफआरपी यांतला फरक इथे कळतो. स्टील यील्ड झालं (ताण न वाढता कायमचं लांबू लागलं) की त्याचा आवळ तिथेच थांबतो. एफआरपी यील्ड होतच नाही. तुटेपर्यंत त्याचा ताण सरळ रेषेत वाढत जातो, म्हणून आवळही वाढत जातो. पुरेसं वेष्टन असलेल्या कॉलमचा आलेख शिखर गाठून खाली येत नाही. आधी वळतो, मग दुसऱ्या, कमी चढाच्या रेषेने वर जात राहतो आणि वेष्टन फाटलं की एकदम कोसळतो.

आतल्या नळीचं काय काम? पोकळ काँक्रीटला फक्त बाहेरून वेष्टन दिलं तर आतला पृष्ठभाग मोकळा राहतो. बाहेरून दाब आला की आतल्या बाजूचे तुकडे सुटून पोकळीत पडतात आणि वेष्टनाला ज्याच्यावर रेटायचं ते काँक्रीटच उरत नाही. स्टीलची नळी ही आतली बाजू धरून ठेवते. बदल्यात काँक्रीट त्या नळीला बाहेरच्या दिशेने बकल होऊ, म्हणजे दुमडून फुगू, देत नाही. ती बकल झाली तर आतल्या दिशेनेच होते, आणि तेही उशिरा. वर ती स्वतः उभा भार घेते तो वेगळाच.

पायरी १: मशीन पाहून आकार ठरवा

बऱ्याच कॉलेजांत २००० किलोन्यूटनचं कॉम्प्रेशन टेस्टिंग मशीन असतं. त्यात १५० मिमी व्यास आणि ३०० मिमी उंचीचा नमुना, वर-खाली प्लेटा धरून, बसतो का ते टेप लावून पाहा. हा आकार घेण्याचं आणखी एक कारण म्हणजे सिलिंडरचे साचे लॅबमध्ये पडलेलेच असतात. आतल्या नळीसाठी अडीच इंची एमएस पाइप घ्या. बाहेरचा व्यास ७६.१ मिमी, जाडी ३.२ मिमी. इतवारीच्या लोहा ओळीत किंवा हिंगणा एमआयडीसीच्या आसपास असा पाइप मिळतो. सगळे तुकडे एकाच लांब पाइपमधून कापून घ्या, नाहीतर तुकड्या-तुकड्यात यील्ड ताकद बदलेल आणि फरक वेष्टनाचा की पाइपचा हे कळणार नाही.

कोरा सिलिंडर, नुसती नळी, नळी आणि काँक्रीट पण वेष्टन नाही, एक थर, दोन थर अशा जाती करा आणि प्रत्येक जातीचे निदान दोन जुळे नमुने ठेवा. वेळ कमी असेल तर थरांच्या जाती कमी करा, पण नुसत्या नळीचा नमुना गाळू नका. त्याच्याशिवाय पुढची वजाबाकी होत नाही.

पायरी २: ओतण्याआधी गणित करा

आकडे आपल्या नमुन्याचेच घेऊ. काँक्रीटचं क्षेत्रफळ १३,१२३ चौरस मिमी, स्टीलचं ७३३ चौरस मिमी. काँक्रीटची सिलिंडर ताकद ३० मेगापास्कल धरा. ही सिलिंडरची ताकद आहे हे विसरू नका. आपल्याकडे सवय क्यूबची, म्हणजे घनाकार नमुना फोडून ताकद मोजण्याची, आणि सिलिंडरची ताकद क्यूबच्या साधारण ०.८ पट भरते. स्टीलची यील्ड ताकद ३१० मेगापास्कल. वेष्टनाशिवाय काँक्रीट ३९४ आणि स्टील २२७, मिळून ६२१ किलोन्यूटन.

आता कार्बन कापड. चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या कापडाच्या नुसत्या तंतूंची जाडी ०.१११ मिमी धरतात आणि तंतूंचा लवचिकता गुणांक (ताण भागिले स्ट्रेन) साधारण २३० गिगापास्कल. दोन थर म्हणजे ०.२२२ मिमी. गुणांक आणि जाडी यांचा गुणाकार मिमीमागे ५१,०६० न्यूटन.

दोन गुणोत्तरं काढायची. पहिलं कडकपणाचं. वरचा गुणाकार भागिले, काँक्रीटचा सीकंट गुणांक गुणिले बाहेरची त्रिज्या. सीकंट गुणांक म्हणजे ताकद भागिले ती गाठतानाचा स्ट्रेन, इथे ३० भागिले ०.००२, म्हणजे १५,०००. त्रिज्या ७५. उत्तर ०.०४५. दुसरं गुणोत्तर स्ट्रेनचं. वेष्टन फाटताना घेरातला स्ट्रेन भागिले ०.००२.

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. कापडाच्या सपाट पट्टीची ताण चाचणी केली तर ती साधारण १.५ टक्के स्ट्रेनला तुटते. कॉलमवर गुंडाळलेलं तेच कापड त्याआधीच फाटतं. कापड वक्र असतं, आतलं काँक्रीट सगळीकडे सारखं न फुटता एखाद्या तड्यापाशी जास्त रेटतं, आणि कापडावर ताणासोबत उभा दाबही येतो. कार्बनसाठी पट्टीच्या स्ट्रेनच्या ०.५८ पट एवढाच स्ट्रेन धरण्याची रीत आहे. म्हणजे ०.००८७, आणि गुणोत्तर ४.३५.

टेंग आणि सहकाऱ्यांच्या मॉडेलप्रमाणे वेष्टित काँक्रीटची ताकद काढायला कडकपणाच्या गुणोत्तरातून ०.०१ वजा करा, उरलेल्याला स्ट्रेनच्या गुणोत्तराने आणि ३.५ ने गुणा, त्यात १ मिळवा. उत्तर १.५४. म्हणजे काँक्रीट ३० वरून ४६ मेगापास्कलवर गेलं. काँक्रीटचा वाटा ६०६ किलोन्यूटन, स्टील धरून ८३३. कॅटलॉगातला पूर्ण १.५ टक्के स्ट्रेन घातला असता तर हाच आकडा ९८७ आला असता. दीडशे किलोन्यूटन फक्त कागदावर.

याच टेंग यांच्या मॉडेलने शेवटचा उभा स्ट्रेन काढला तर तो साधारण ०.०१४ येतो. काँक्रीटसाठी आपण एरवी ०.००३५ ची मर्यादा पाळतो, त्याच्या चौपट. ३०० मिमीचा नमुना फाटण्याच्या क्षणी सव्वाचार मिमीहून जास्त आखूड झालेला असेल. ताकद ३४ टक्क्यांनी वाढली हे खरं, पण या रचनेची मोठी कमाई न कोसळता इतकं आखूड होण्याची ही क्षमता (डक्टिलिटी) आहे, आणि अहवालात तिला पहिली जागा द्यावी असं मला ठामपणे वाटतं.

वजा केलेल्या त्या ०.०१ चा अर्थही लक्षात घ्या. कडकपणाचं गुणोत्तर त्याखाली असेल तर ताकद वाढतच नाही. ४३० ग्रॅमच्या काचतंतू कापडाचा एकच थर आपल्या नमुन्यावर दिला तर गुणोत्तर जेमतेम ०.०११ येतं. असा नमुना मुद्दाम एक करा. आलेख वर न जाता आडवा सरकताना दिसेल.

पायरी ३: नळी आणि साचा

पाइपची दोन्ही टोकं लेथवर काटकोनात कापून घ्या. कटरने कापलेलं टोक डोळ्याला सरळ दिसतं, मशीनखाली दिसत नाही. नळीवरचे स्ट्रेन गेज (स्ट्रेन मोजणाऱ्या चिकटवायच्या पट्ट्या) बाहेरच्या अंगाला मध्यावर चिकटवा, कारण ७० मिमीच्या पोकळीत हात घालून नीट चिकटवणं जमत नाही. गेजवर जलरोधक लेप द्या, जवळच ३ मिमीचं छिद्र पाडून वायर पोकळीत घ्या आणि ती बाहेर काढण्यासाठी वरच्या प्लेटीत आधीच खाच करून ठेवा.

साच्यात नळी मधोमध बसवण्यासाठी प्लायवूडच्या कड्या कापा. नळी आणि साचा यांच्यात फक्त ३७ मिमी जागा आहे. २० मिमीची गिट्टी इथे अडकते आणि खाली पोकळ्या राहतात. गिट्टी १० मिमीचीच घ्या आणि मिश्रण वाहतं ठेवा. कन्हानची रेती वापरत असाल तर चाळून, धुऊन घ्या. कोराडी-खापरखेड्याची फ्लाय ॲश जवळच मिळते आणि वाहतेपणाला मदत करते, पण तिच्यामुळे ताकद हळू येते, तेव्हा चाचणी २८ दिवसांच्या पुढे गेली तरी चालेल असं वेळापत्रक ठेवा. प्रत्येक घाणीतून साधे सिलिंडरही भरा आणि ते कॉलमच्या चाचणीच्याच दिवशी फोडा.

काँक्रीट बसल्यावर वरचा भाग नळीच्या कडेपेक्षा खाली जातो. तो अर्धा मिमी जरी खाली राहिला तर काय होतं पाहा. मशीनची प्लेट आधी फक्त नळीवर टेकते. ३०० मिमी उंचीच्या नळीचा यील्ड स्ट्रेन ०.००१५५, म्हणजे ०.४६ मिमी आखूड होताच नळी यील्ड झाली. काँक्रीटला प्लेटचा स्पर्श होण्याआधीच स्टीलचं काम संपलं! म्हणून काँक्रीट किंचित उंच भरा, काही तासांनी घट्ट सिमेंट पेस्टने वरचा भाग बसवा, क्युरिंगनंतर ग्राइंडरने नळी आणि काँक्रीट एका पातळीत आणा. सरळ पट्टी ठेवून, मागून टॉर्च मारून तपासा. पट्टीखालून उजेड दिसला तर पुन्हा घासा.

पायरी ४: वेष्टन, आणि नागपूरची हवा

भिजवलेल्या पोत्यांखाली क्युरिंग झाल्यावर नमुने पूर्ण सुकू द्या. ओल्या पृष्ठभागावर इपॉक्सी धरत नाही. वरची सिमेंटची दुधाळ साय घासून काढा, बारीक खड्डे इपॉक्सी पुट्टीने भरा, धूळ पुसून प्राइमर लावा.

दोन थरांसाठी कापड एकसंध घ्या. घेर ४७१ मिमी, दोन वेढे ९४२, वर १५० मिमीचा ओव्हरलॅप, म्हणजे १,०९२ मिमी लांबीची पट्टी. तंतू घेराच्या दिशेने सरळ राहिले पाहिजेत. तिरके गेले की कडकपणा झपाट्याने उतरतो. पृष्ठभागावर इपॉक्सी, त्यावर कापड, मग तंतूंच्याच दिशेने रोलर. आडवा-तिडवा रोलर फिरवला तर तंतू सरकतात आणि हवा आतच राहते. बोटाच्या नखाने हलकं टकटक करून ऐका. पोकळ आवाज आला तर तिथे बुडबुडा आहे, तो ओलं असतानाच काढा. दोन्ही टोकांना २५-३० मिमी रुंदीची जादा पट्टी द्या, म्हणजे प्लेटीजवळ अवेळी फाटणार नाही.

हवेची गोष्ट नागपूरकरांनी गांभीर्याने घ्यावी. मिसळलेल्या इपॉक्सीचा हाती राहण्याचा वेळ तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मा होतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना, नवतप्यात, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बादलीभर इपॉक्सी कालवली तर ती स्वतःच्याच उष्णतेने बादलीतच घट्ट होते. पावसाळ्यात अडचण उलटी. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल तर काम करू नका, आणि पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर असू द्या. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंडीने इपॉक्सी धरायला वेळ लावते. दिवाळीनंतरचे आठवडे सगळ्यात सोयीचे. सप्टेंबरात काँक्रीट ओतलं तर नोव्हेंबरात वेष्टन आणि त्यानंतर निदान ७ दिवसांनी चाचणी, असं वेळापत्रक सेमिस्टरलाही जुळतं. उन्हाळ्यात करणं भागच असेल तर सकाळी लवकर, सावलीत, थोडी थोडी इपॉक्सी कालवून करा.

पायरी ५: गेज आणि चाचणी

घेराच्या दिशेचे गेज मध्य उंचीवर लावा. निदान तीन ओव्हरलॅपच्या बाहेर, एक ओव्हरलॅपवर. ओव्हरलॅपमध्ये कापड जाड असल्याने तिथला स्ट्रेन कमी येतो. तो सरासरीत मिसळला तर वेष्टन लवकर फाटल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. उभ्या दिशेचे दोन गेज समोरासमोर लावा आणि आखूड होणं मोजायला एलव्हीडीटी हा विस्थापन मोजणारा सेन्सर. मशीनच्या प्लेटचं विस्थापन सुरुवातीच्या चढासाठी वापरू नका, त्यात जिप्समच्या थराचं आणि मशीनचं स्वतःचं दबणंही येतं.

दोन्ही टोकांना जिप्समचा पातळ थर द्या. आधी अंदाजित भाराच्या १०-१५ टक्के भार देऊन समोरासमोरचे उभे गेज वाचा. दोघांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर भार एका बाजूला जातो आहे. भार उतरवा, नमुना सरकवा, पुन्हा पाहा. हा खटाटोप कितीही कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका, विकेंद्रित, म्हणजे मध्यापासून सरकलेल्या, भारात कॉलम वेगळा वागतो आणि तुमची तुलना कोलमडते.

शक्य असेल तर विस्थापन नियंत्रणात, मिनिटाला साधारण अर्धा मिमी या वेगाने दाबा. मशीन फक्त भार नियंत्रणाचं असेल तर शेवटच्या टप्प्यात वेग कमी ठेवा. कार्बन वेष्टन फाटतं तेव्हा स्फोटासारखा आवाज होतो आणि चिंध्या उडतात. पॉलिकार्बोनेटचा पडदा आणि चष्मे हवेतच, आणि मोबाइलवर शूटिंग करायला पडद्याच्या आत कुणी जाऊ नये.

पायरी ६: निकाल वाचणं

साधारण ६०० किलोन्यूटनच्या आसपास आलेख वळेल. त्याच सुमारास घेरातले गेज जोरात वाढू लागतील आणि इपॉक्सी तडतडल्याचा आवाज येईल. तिथून पुढे दुसरी रेषा.

आता वजाबाकी. नुसत्या नळीच्या चाचणीतून प्रत्येक उभ्या स्ट्रेनला स्टील किती भार घेतं ते काढा आणि तेवढा भार एकूणातून वजा करा. उरला तो काँक्रीटचा. क्षेत्रफळाने भागा आणि वेष्टित काँक्रीटचा ताण-विकृती आलेख काढा. गणितातल्या ४६ मेगापास्कलशी तो ताडून पाहा, पण त्याआधी सूत्रातला ०.००८७ काढून तिथे तुमच्या गेजने दाखवलेला, ओव्हरलॅपबाहेरचा सरासरी स्ट्रेन घाला. एवढ्यानेच अंदाज आणि निकाल बरेचदा जवळ येतात. आले नाहीत तर मग मॉडेलबद्दल बोला.

फाटण्याची जागा नीट नोंदवा. मध्य उंचीवर, ओव्हरलॅपबाहेर फाटलं तर चाचणी धडधाकट. टोकाशी फाटलं तर प्लेट किंवा टोकाची पातळी बिघडली होती. ओव्हरलॅप सोलून निघाला तर लांबी किंवा चिकटवणं कमी पडलं. असा निकाल सरासरीत घेऊ नका. नंतर वेष्टन कापून काँक्रीट फोडा. चांगल्या नमुन्यात काँक्रीट भुगा झालेलं आणि नळी आतल्या बाजूला दबलेली दिसते.

साइटवर नेताना

लॅबमध्ये दोन थरांनी काँक्रीटला ५४ टक्के वाढ दिली म्हणून ६०० मिमी व्यासाच्या कॉलमवरही दोन थर पुरतील असं समजू नका. गुणोत्तरात त्रिज्या खाली आहे. व्यास चौपट झाला की गुणोत्तर ०.०११ वर येतं आणि वाढ उरते २ टक्के. तोच परिणाम हवा तर आठ थर लागतील. रॅपिंगचं कोटेशन हाती आलं की कॉलमचा व्यास आणि थरांची संख्या घेऊन हे एक गुणोत्तर आधी काढा.

चौकोनी कॉलममध्ये आवळ फक्त कोपऱ्यांपाशी आणि गाभ्यात पोचतो, बाजूंच्या मधला भाग जवळजवळ मोकळाच राहतो. कोपरे निदान २०-२५ मिमी त्रिज्येने गोल केल्याशिवाय कापड लावू देऊ नका. धारदार कोपऱ्यावर ते तिथेच कापलं जातं. लांब, सडपातळ कॉलमला वेष्टनाचा फायदा कमीच, कारण तो चिरडण्याआधी वाकतो आणि घेरातले तंतू वाकण्याला अडवत नाहीत. काँक्रीट भरलेल्या स्टीलच्या नळीवर बाहेरून कार्बन गुंडाळायचं असेल तर मध्ये काचतंतूचा एक थर हवाच, नाहीतर ओल मिळताच कार्बन आणि स्टील यांच्यात गॅल्व्हॅनिक गंज सुरू होतो. आपल्या दुहेरी नळीत मध्ये काँक्रीट असल्याने ही अडचण येत नाही.

साइटवर हाताने लावलेल्या साध्या इपॉक्सीचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्यावर ती मऊ पडते) बरेचदा ५० ते ६० अंशांच्या आसपास असतं. नागपूरच्या उन्हात पश्चिमेकडच्या काळ्या कार्बन पृष्ठभागाला तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. फिकट रंगाचा, अतिनील किरणं अडवणारा लेप द्या आणि इपॉक्सी निवडताना हे तापमान पुरवठादाराकडून लेखी घ्या. आगीत तर वेष्टन पहिल्या काही मिनिटांतच निकामी धरायचं. म्हणून वेष्टन नसताना कॉलम रोजचा प्रत्यक्ष भार न कोसळता पेलेल का, याचा वेगळा हिशेब करून तो फाइलला जोडा. तो जमत नसेल तर त्या कॉलमला काँक्रीटचं जॅकेटिंग करा, म्हणजे बाहेरून नव्या काँक्रीटचा थर द्या.